दुखतंय म्हणजे किती?

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझी मान डावीकडे वळायची बंद झाली. उजवीकडे वळत होती, वर-खाली होत होती. डावीकडे मात्र जरा वळली की आतून कुणीतरी दोरी ओढून धरावी तशी अडायची. ॲक्टिव्हावरून अप्पा बळवंत चौकात वळताना मागून काय येतंय ते बघायला मला कमरेपासून फिरावं लागे. एका रिक्षावाल्याने "मावशी, झोपला का?" असं विचारल्यावर गाडी घरी लावली आणि बसने जायला लागले.

मी प्रूफं वाचते. चोवीस वर्षं झाली. ऑगस्ट ते ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे दिवाळी अंकांचा हंगाम. यंदा माझ्याकडे चार अंक होते आणि वर एका कादंबरीचं तिसरं प्रूफ. टेबलावर डाव्या हाताला मूळ प्रत, समोर प्रूफ, ओळीखाली सरकवायची पट्टी, हातात लाल पेन. बरोबरच्या मुली स्क्रीनवर वाचतात. मला ऱ्हस्व-दीर्घ कागदावरच दिसतात, त्याला इलाज नाही. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं असतं म्हणे. ते पुढे झुकवून रोज आठ-नऊ तास तोलून धरायचं काम मानेमागचे स्नायू करतात. मंडईतून पाच किलो कांदे आणताना आपण चार वेळा हात बदलतो. मानेला हात बदलायची सोय नाही.

घरगुती सगळं करून झालं. तव्यावर गरम केलेल्या मिठाची पुरचुंडी, निर्गुडीचं तेल, आयोडेक्स, नवऱ्याचा अंगठा. (नवरा बँकेत होता. त्याचा अंगठा नोटा मोजायला उत्तम, मान चोळायला बिनकामाचा.) आई फोनवर म्हणाली, पायाळू माणूस शोध. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि त्याने पाठीला हलकीशी लाथ लावली की उसण पळते, अशी आपल्याकडची जुनी समजूत. आमच्या वाईच्या आळीत अशा एक बाई होत्या. दारात लोक उभे असायचे, आणि त्या भांडी घासता घासता उठून लाथ मारून परत भांड्यांना बसायच्या. पुण्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कुणी पायाळू आहे का' असं विचारायची माझी छाती झाली नाही.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, आणि हे मी पहिल्यांदा करायला हवं होतं. त्यांनी हात उचलायला लावले, बोटं दाबून बघितली, हातात मुंग्या येतात का, वस्तू गळून पडतात का, शर्टाचं बटण लावायला त्रास होतो का, चालताना तोल जातो का, लघवीवर ताबा आहे ना, असं एकेक विचारलं. यातल्या कशालाही 'हो' असतं तर गोष्ट वेगळ्या रस्त्याला गेली असती आणि मालीश वगैरे विषयच आला नसता. सगळ्याला 'नाही' होतं. एक्सरे बघून म्हणाले, वयाप्रमाणे झीज आहे, ती सगळ्यांचीच असते, तुमचं दुखणं मुख्यतः स्नायूंचं आहे.

आता माझा गाढवपणा.

भाचेसुनेने वाढदिवसाला एका चकचकीत जागेचं कूपन दिलं होतं. डीप टिश्यू मसाज, म्हणजे आतल्या थरातल्या स्नायूंचं मालीश, साठ मिनिटं, किंमत २५०० रुपये. आत पाटीवर 'डिप टिश्यु' लिहिलं होतं. दोन शब्द, दोन चुका, आणि तिथेच मी परत फिरायला हवं होतं. पण फुकट म्हटल्यावर पुणेकर परत फिरत नाही. (टिश्यूला आपल्या शाळेच्या पुस्तकात 'ऊती' म्हणतात. 'खोल ऊती मर्दन' अशी पाटी लावली तर दुकान आठवड्यात बंद पडेल हे मान्य.)

आत गेल्यावर कुणीही मला काहीही विचारलं नाही. मंद दिवे, बासरी, पाण्याचा खळखळाट. पालथी झोपवलं आणि तिथल्या मुलीने पाचव्या मिनिटाला कोपर लावलं. मला डोळ्यांसमोर काजवे दिसले. तिने विचारलं, "प्रेशर ओके, मॅम?" आणि मी म्हणाले, "ओके."

का म्हणाले? याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. एक तर मला वाटलं, डीप म्हणजे असंच असणार. दुसरं, तिला वाईट वाटेल. आणि तिसरं, जे खरं कारण आहे: मी दुखतंय म्हणायला शिकलेलेच नाही. आमच्या घरात चहा थंड मिळाला तरी 'चालेल', इंजेक्शन टोचलं तरी 'चालेल'. बाळंतपणातही मी ओरडले नाही म्हणून सुईणबाईंनी आईपाशी माझं कौतुक केलं होतं. तर मी तासभर टेबलाला तोंडासाठी असलेल्या भोकातून खालच्या फरशा मोजल्या. बावीस दिसतात. वर टिपही देऊन आले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही खांद्यांच्या मधे हिरवे-निळे डाग. ब्लाउजचा मागचा हूक लावता येईना. मान होती तिथेच, उलट आता उजवीकडेही कुरकुरायला लागली. आई म्हणाली, "पैसे देऊन अंग ठेचून घेतलंस?" कूपन होतं, असं मी तिला सांगितलं नाही.

ज्या मुलीने मला खरं डीप टिश्यू काय ते दाखवलं ती कोथरूडमध्ये एका छोट्या जागेत बसते. फिजिओथेरपिस्ट आहे. इस्लामपूरकडची. शाळा-कॉलेजात खो-खो खेळायची, त्यामुळे खांदे आणि मांड्या बघून आपल्याला उगाच धीर येतो. मी आत गेल्या गेल्या तिने काकू म्हटलं. मी म्हटलं, ताई म्हण. तेव्हापासून ताई. नाव लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही.

पहिली वीस मिनिटं नुसते प्रश्न. मला वाटलं, वेळ खातेय. पण हीच वीस मिनिटं सगळ्यात मोलाची होती, असं मी आता छातीठोक सांगते. कुठे दुखतं हे बोटाने दाखवा. कधी जास्त, सकाळी की संध्याकाळी? कुठल्या कुशीवर झोपता? कामाला कशा बसता, बसून दाखवा. मी तिच्या टेबलावर काल्पनिक प्रूफ ठेवून बसून दाखवलं. ती उठून माझ्या मागे गेली, दोन्ही खांद्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, उजवा खांदा कानाला सांगतोय काहीतरी." आरशात बघितलं तर खरंच, उजवा खांदा बोटभर वर. लाल पेनचा हात.

मग औषधं. बीपीची गोळी सांगितली. "अजून?" मी म्हटलं, रात्री एक छोटी गोळी असते, ॲस्पिरिनची, दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या डॉक्टरांनी सुरू केलेली. ती लिहिता लिहिता थांबली. "त्या आधीच्या ठिकाणी हे सांगितलं होतं?" मी गप्प. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्यांवर असलेल्या माणसाला जोराने दाबलं की आत रक्त साकळून डाग पडणार, हे उघड आहे. माझे हिरवे-निळे डाग तिथून आले होते. तिने त्या दिवशी मला हातच लावला नाही. डॉक्टरांना विचारून या, म्हणाली. मी विचारलं. त्यांनी हरकत नाही, बेताने करा, असं सांगितल्यावर चार दिवसांनी परत गेले. दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारं माणूस मी पुण्यात चितळ्यांच्या दुपारनंतर प्रथमच बघितलं.

आता ज्यांना खरोखर जायचंय त्यांच्या मनातले, कुणी न विचारणारे प्रश्न. कपडे किती काढायचे? ज्या भागावर काम आहे तेवढेच, आणि तुम्हाला चालतील तेवढेच. माझं मान-पाठ होतं म्हणून वरचे कपडे काढून पालथं झोपायचं, अंगावर चादर. ती बाहेर जाते, आपण तयार होऊन हाक मारायची. काम चालू असेल तेवढाच भाग उघडा, बाकी सगळं झाकलेलं. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं घरी ठेवून जा. जेवून लगेच जाऊ नका, दोन तास मधे जाऊ द्या, नाहीतर पालथं झोपल्यावर आमटी घशाशी येते. तोंडासाठी टेबलाला भोक असतं. त्यात तोंड घातल्यावर पाच मिनिटांत नाक चोंदतं, लाळ गळू शकते, पोट गुरगुरतं. माझं सगळं झालं. एकदा शिंकही आली, आणि भोकात तोंड असताना शिंकणं हा अनुभव शत्रूलाही नको. ती म्हणाली, "इथे घोरतात पण लोक, तुम्ही निवांत राहा." आणि तेल अगदी थोडं लावतात. मला वाटायचं भरपूर तेल म्हणजे चांगलं मालीश. इथे उलट आहे, तेल जास्त झालं की हात घसरतो आणि खालचा स्नायू पकडता येत नाही.

सुरुवातीला दहा मिनिटं तिने तळहातांनी नुसतं हलकं चोळलं, आई न्हाऊ घालायची तसं. मी म्हटलं, हे डीप नाही वाटत. "दार वाजवल्याशिवाय आत जायचं नसतं, ताई." मग म्हणाली, आता आकडे शिकून घ्या. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे उठून पळावंसं वाटेल. पाच-सहापर्यंत दुखलं तर चालेल, ते गोड दुखणं. सात झालं की तोंडाने सात म्हणायचं. "आणि चालेल म्हणायचं नाही. चालेल हा आकडा नाही."

मला पकडलंच म्हणायचं.

तिने पुढच्या हाताचा, कोपर आणि मनगटाच्या मधला भाग पाठीवर ठेवला आणि इतका सावकाश सरकवायला सुरुवात केली की मला आधी वाटलं थांबलीय. मणक्याच्या बाजूने खालून वर, एका श्वासाला जेमतेम दोन बोटं. डीप म्हणजे जोर नव्हे, डीप म्हणजे सावकाश, हे मला त्या टेबलावर कळलं. वरचा थर आधी सैल होऊ द्यायचा, मग त्याखालच्याला हात घालायचा. घाईने कोपर खुपसलं तर वरचाच थर घट्ट होऊन दार लावून घेतो. अंगठे ती फार वापरत नाही. आमच्या धंद्यात अंगठे लवकर जातात, म्हणाली. माझ्याही धंद्यात डोळे जातात.

मग ती खांद्याच्या पात्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्याशी आली. तिथून एक स्नायू तिरका मानेच्या वरच्या मणक्यांपर्यंत जातो. लेव्हेटर स्कॅप्युली असं त्याचं नाव. पातं वर उचलायचं त्याचं काम, आणि फोन कान आणि खांद्यामध्ये धरून भाजी चिरणाऱ्या तमाम बायकांचा हा स्नायू. तिने तिथे कोपर ठेवलं आणि मी म्हणाले, "चा—" आणि थांबले. "सात."

तिने कोपर उचललं नाही. किंचित हलकं केलं. "आता?"

"सहा."

"श्वास सोडा. लांब. मी हलणार नाही."

ती खरंच हलली नाही. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मी सोडला श्वास, परत घेतला, परत सोडला. तिसऱ्या की चौथ्या श्वासाला काय झालं मला शब्दांत नीट सांगता येत नाही, आणि शब्द हा माझा धंदा आहे. दाब तेवढाच होता. दुखणं मात्र सहावरून चारवर आलं होतं. जसं आपण कणीक मळून झाकून ठेवतो आणि अर्ध्या तासाने हात लावला की ती आपण न मळताच मऊ झालेली असते, तसं काहीतरी. मी म्हटलं, "तू दाब कमी केलास." ती म्हणाली, "नाही. तुम्ही धरून ठेवलेलं सोडलंत."

दुसरी गंमत त्याहून मोठी. मानेच्या आणि खांद्याच्या मधल्या उताराचा स्नायू, ज्यावर आपण शाळेचं दप्तर अडकवायचो, तो तिने चिमटीत धरून दाबला आणि मला कळ आली उजव्या कानशिलात. खांद्यात नाही, कानशिलात! गेली कित्येक वर्षं संध्याकाळी तिथे ठणकायचं आणि मी चष्म्याचा नंबर बदलत होते. दाबायचं एकीकडे आणि दुखायचं दुसरीकडे, असे नकाशे काढणारी एक अमेरिकी डॉक्टर होती, जॅनेट ट्रॅव्हेल. केनेडींच्या पाठदुखीवर तिने उपचार केले आणि १९६१ मध्ये व्हाइट हाउसची पहिली स्त्री डॉक्टर झाली. केनेडींना झुलती खुर्ची वापरायला लावली तीही तिनेच. तिने ज्या बिंदूंना ट्रिगर पॉइंट म्हटलं ते नेमके असतात काय यावर तज्ज्ञ अजून भांडतात. माझ्या कानशिलाने मात्र साक्ष दिली आहे.

शेवटी उताणं झोपवून तिने गळ्याच्या हाडाखाली, छातीच्या वरच्या कोपऱ्यात बोटं ठेवली, आधी विचारून, चादरीवरूनच. मी म्हटलं दुखतंय मागे. "मागे ओरडतंय. ओढतंय पुढचं." पुढे वाकून बसणाऱ्याचे छातीचे स्नायू आखूड होतात आणि खांदे पुढे खेचतात, मागचे बिचारे दिवसभर ताणून धरतात. मला आमच्या घरातल्या दोन-तीन माणसांची आठवण झाली, असो. गळ्याच्या समोरच्या बाजूला तिने अजिबात हात लावला नाही. तिथे मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या आहेत, तिथे कुणी जोराने दाबायला लागलं तर सरळ उठून निघायचं, हे तिने बजावून सांगितलं.

संपल्यावर लगेच उठू दिलं नाही. कुशीवर व्हा, हात टेका, बसा, मग उभ्या राहा. बीपीची गोळी घेणाऱ्याला तर हे हवंच, मला खरंच जरा गरगरलं. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी पाठ दुखली, पण कशी, तर लहानपणी गडावर जाऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखायच्या तशी. एक-दोन दिवस असं दुखणं ठीक. त्यापुढे लांबलं, हातात मुंग्या आल्या, किंवा लघवी लालसर-काळपट झाली तर थेट डॉक्टर. शेवटचं क्वचित होतं, पण फार रगडल्याने स्नायूच इजा पावला तर होऊ शकतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं आणि जिन्याकडे डावीकडे बघितलं. बघितल्यावर लक्षात आलं की आपण बघितलं.

सोमवारपर्यंत निम्मं परत आखडलं, हेही प्रामाणिकपणे लिहिते. आठवड्याच्या अंतराने चार वेळा गेले, दर वेळी १२०० रुपये. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मी जागा करून देईन, ती टिकवायची तुम्ही. दाराच्या चौकटीला हात टेकवून छाती ताणायची, हनुवटी मागे ओढायची, आणि दर अर्ध्या तासाने उठायचं. अर्ध्या तासाने उठणं मला अजून जमत नाही. परिच्छेद मधे सोडवत नाही. पण एक केलं. जुन्या पेढ्यांवर मुनीमजींपुढे उतरतं डेस्क असायचं ना, तसं एक सुताराकडून करून घेतलं. आता कागद माझ्याकडे वर येतो, मी कागदाकडे वाकत नाही. मुनीमजी शहाणे होते.

एक मुद्दा राहिला, आणि तो धंद्याचा आहे. मागे मी एका आरोग्यावरच्या पुस्तकाची प्रूफं वाचली. त्यात होतं, 'मालीश केल्याने स्नायूंत साचलेली विषद्रव्ये व लॅक्टिक आम्ल बाहेर पडते, म्हणून नंतर भरपूर पाणी प्यावे.' तेव्हा मी 'मालिश'चं 'मालीश' केलं आणि पुढे गेले. आता वाटतं, समासात प्रश्नचिन्ह टाकायला हवं होतं. व्यायामानंतर वाढलेलं लॅक्टेट (त्याच आम्लाचं रूप) तास-दीड तासात शरीर स्वतःच निपटतं, ते आठवडाभर पाठीत दबा धरून बसत नाही. आणि कुठली विषद्रव्यं, हे कुणी नावानिशी सांगत नाही. शरीरातला कचरा काढायला यकृत आणि मूत्रपिंडं बसलेली आहेत. पाणी प्या, तहान लागली तर. 'गाठ फोडली' असंही म्हणतात. गाठ काही फुटत नाही. आवळलेलं सैल होतं इतकंच.

याहून मला चकित केलं ते २०११ साली छापून आलेल्या एका अमेरिकी चाचणीने. जुनाट कंबरदुखीचे ४०१ लोक घेतले. काहींना नेमक्या स्नायूंवर काम करणारं खोल मालीश, काहींना नुसतं अंग सैलावणारं साधं मालीश, काहींना फक्त नेहमीचे उपचार. दहा आठवड्यांनी दोन्ही मालीशवाले गट तिसऱ्यापेक्षा बरे होते, आणि त्या दोघांत म्हणण्यासारखा फरकच नव्हता. मी हे फिजिओ मुलीला वाचून दाखवलं. मला वाटलं चिडेल. ती हसली. "मग? मी कधी म्हटलं जोराने फरक पडतो?" तिच्या मते निम्म्या लोकांना साधा हातच पुरतो, ते डीप मागतात कारण त्यांना वाटतं दुखल्याशिवाय पैसे वसूल होत नाहीत. तालमीतल्या पैलवानाला रगडतात तसं रगडून द्या, असं सांगणारे काका तिच्याकडे येतात. पैलवान रोज मेहनत करतो, काका रोज टीव्ही बघतात.

ती ज्यांना परत पाठवते त्यांची यादीही मी विचारून घेतली, कारण माझ्यासारखे बरेच असतील. पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली असेल, गरम लागत असेल, तर ती चोळायची नाही, आधी डॉक्टर. आत रक्ताची गुठळी असेल तर मालिशीने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. रक्त पातळ ठेवणारी औषधं, ठिसूळ हाडं, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा मोडलेलं हाड, ताप, कातडीचा संसर्ग, ताब्यात नसलेलं बीपी, कर्करोगाचे उपचार चालू असणं, गरोदरपण: या सगळ्यांत विचारल्याशिवाय काही नाही. फुगलेल्या निळ्या शिरांवर दाब नाही. मधुमेहामुळे पायाला संवेदना कमी असेल तर सांगून ठेवायचं, कारण तुमचा 'चार' हा आकडाच खोटा असेल.

शब्दांचं एक सांगते आणि मग आवरतं घेते. मालीश शब्द फारसीतून आला. आणि इंग्रजांचा शाम्पू हा आपल्या चंपीचा भाऊ, मूळ अर्थ चेपणं. पाटण्याकडचा शेख दीन महंमद एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात ब्रायटनला जाऊन वाफारा आणि मालीश विकायला बसला, आणि पुढे तिथल्या राजाचा 'शाम्पूइंग सर्जन' झाला. केस धुण्याशी या शब्दाचा संबंध नंतर आला. आमचे आजोबा संध्याकाळी घोंगडीवर पालथे पडून आम्हा नातवंडांना "पाठ तुडवा रे" म्हणायचे. आम्ही भिंतीला धरून त्यांच्या पाठीवरून चालायचो, आणि ते "जरा वर, अजून वर, हां, तिथे उभी राहा" असं सांगत राहायचे. त्यांना कुणी आकडे शिकवले नव्हते. पुरुषमाणूस होते, त्यांना सांगायची सवय होती.

दिवाळीला वाईला गेले. नरकचतुर्दशीला पहाटे आईला तेल लावायला बसले. आई शहात्तर वर्षांची आहे, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान आहे, त्यामुळे डीप वगैरे काही नाही, कोमट तिळाच्या तेलाचा नुसता हात. खांद्यांवरून हात फिरवताना तिने एकदा श्वास अडकवला.

"दुखलं?"

"नाही. चालेल."

मी हात तिथेच ठेवला, हलवला नाही. म्हटलं, आई, शून्य ते दहामध्ये किती, सांग. ती म्हणाली, सकाळी सकाळी गणित नको. मी गप्प बसले. बाहेर कुणीतरी पहिला फटाका लावला. न्हाणीघरात बंबाचा धूर भरला होता.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "जरा डावीकडे घे. तिथे नाही, खाली. हां." आणि मग, "आणि ती बांगडी काढ. मघापासून टोचतेय."